हर्षदाचा धवला

सुगंधा पडवळ चिरता चिरता एक जुनं सिनेमातलं गाणं गुणगुणत होती. दोनच ओळी, त्याही अर्ध्या ओठांत. जनार्दन ओटीवर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, शिवत बसला होता. थोड्या वेळाने तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. सुतळी तशीच हातात होती आणि डोळे भरलेले होते.

"अगो, केवढी तान घेतलीस!" तो म्हणाला. "इतकी वरसं संसार केला, कदी सांगितलं नाय तुला अशी तान येते ती."

"मी? तान?"

"आता घेतलीस ती. आनि मागं ती सारंगी..."

तो बोलता बोलता थांबला. त्याने स्वयंपाकघरात नजर फिरवली. कुकर, पाण्याचं पिंप, विळी, सुगंधा.

"नवीन यंत्र तुमच्या कानावर बसवलंय," सुगंधा म्हणाली. "माज्या गल्यात नाय."

दोघंही हसली. पण पडवळ संपेपर्यंत ती पुन्हा गायली नाही.

दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या आवरणाला सूज येऊन जनार्दनचे दोन्ही कान गेले होते. जीव वाचला, आतल्या कानातल्या पेशी मात्र मेल्या त्या मेल्याच. पुढे मुंबईला शस्त्रक्रिया होऊन कानाच्या आत विजेच्या तारा बसल्या आणि कानामागे बोटाच्या पेराएवढं यंत्र आलं. बोलणं त्याला काही महिन्यांत कळायला लागलं. तो पुन्हा मासळीच्या तळ्यावर जायला लागला, जिताडा माशांच्या भावावरून व्यापाऱ्यांशी भांडायला लागला. गाणं मात्र परत आलं नाही. सुगंधा पहिल्यांदा त्याच्यासमोर गायली तेव्हा तो कळवळून म्हणाला होता, "पत्र्यावर कुनी खिला ओढतंय." त्या दिवसापासून तिने घरात गाणं बंद केलं.

सुगंधा घरत ही शिरखार गावची धवलारीण होती. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत जे जे करायचं असतं, ते धवलारीण गाऊन करवून घेते. तिच्या गाण्याला धवला म्हणतात. धवल्याची चाल एकच, आजी-पणजीपासून चालत आलेली. बदलतात ती नावं. नवरीचं, तिच्या बापाचं, आजाचं, मामाच्या गावाचं नाव धवलारीण त्या त्या जागी चालीत बसवते. शिरखारची आणखी एक रीत होती. धवल्यात नवरीचं नाव आलं की त्याच क्षणी बापाने तिला पहिली हळद लावायची. नावाच्या आधी नाही, आणि नाव विरून गेल्यावरही नाही.

जनार्दनची आईच आधी धवलारीण होती. तिने सुनेला शिकवलं. जनार्दन चालायला लागायच्या आधीपासून मांडवाच्या कुडापाशी बसून धवला ऐकत आला होता. त्याला शब्द पाठ होते आणि सुगंधा कुठे श्वास घेते तेही माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात दोघं अलिबागच्या श्रवणकेंद्रात गेली. तिथल्या डॉक्टर मुग्धा केळुसकर यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा कान उघडला आणि शंखासारखी गुंडाळलेली नळी बाहेर काढली.

"ह्या नळीत साधारण साडेतीन हजार पेशी असतात. प्रत्येकीचा सूर ठरलेला. त्यांच्या जागी आपण तारेची बावीस टोकं बसवलीत. आत सगळं पाणी, त्यामुळे एका टोकाची वीज शेजारी पसरते. पेटीवर गोधडी घाला आणि वरून मुठीने वाजवा. तसं ऐकू येतं."

"मग बोललेलं बरं कलतं?" सुगंधाने विचारलं.

"बोलणं सुरावर फारसं अवलंबून नसतं. आवाज कधी चढला, कधी तुटला, एवढ्यावर मेंदू शब्द ओळखतो. त्याला बावीस टोकं पुरतात. गाण्याला पुरत नाहीत."

कानामागच्या जुन्या यंत्राच्या जागी नुकत्याच बसवलेल्या नव्या यंत्राचं नाव श्रवणिका. त्याने ही अडचण वेगळ्या रस्त्याने सोडवली होती. कुठलंही गाणं घेऊन, कोणत्या टोकांमधून किती वीज कोणत्या क्षणी सोडली तर ते या माणसाच्या कानात गाण्यासारखं उमटेल, याचं गणित करता येतं. दोन टोकांच्या मधल्या जागेवर, जिथे तार नाहीच, तिथेही सूर उभा करता येतो. पण त्या गणिताला मोठ्या संगणकांचे कित्येक तास लागतात. गाणं चालू असताना ते होत नाही. म्हणून कंपनीने गाण्यांचं एक कोठार केलं आणि कोठारातल्या प्रत्येक गाण्याचं गणित आधीच करून ठेवलं. श्रवणिका आजूबाजूला गाणं ऐकते, दोन-तीन सेकंदांत त्याचा ठसा घेते, कोठारात जुळणारं गाणं शोधते, आणि बाहेरचा आवाज बंद करून तयार गाणं आत सोडते. बाहेरची लय पकडून सोडते, त्यामुळे जोड कळत नाही.

गाणी ज्यांच्या मालकीची होती त्या कंपन्यांनी याला आनंदाने परवानगी दिली, कारण यंत्र प्रत्येक ऐकणं मोजत होतं. त्यांची एकच अट होती. ठसा चालीचा घ्यायचा. गाणं कुणीही म्हटलं, लग्नात म्हटलं, मोरीत म्हटलं, तरी ऐकणं मूळ गाण्याच्या नावावर पडलं पाहिजे.

"म्हंजे मी ह्यांना ऐकूच येत नाय?" सुगंधा म्हणाली.

"बोललात की येता."

"आनि गायले की?"

डॉक्टरांनी नळी पुन्हा प्लास्टिकच्या कानात बसवली. "गायलात की यंत्र गाणं ओळखतं आणि तुम्हाला बाजूला ठेवतं."

जनार्दन परत येताना गाडीत म्हणाला, "तरी मना वाटलंच. तुजा श्वास तसा नाय."

उपाय तेजलने शोधला. तेजल त्यांची एकुलती एक मुलगी. ती उरणच्या एका शीतगृहात तापमानाची यंत्रणा बघायची आणि शनिवारी घरी यायची. कोठाराला एक सामायिक दालन आहे, तिथे कुणालाही आपलं गाणं ठेवता येतं, असं तिने वाचलं होतं. लोक तिथे आपल्या आजीच्या ओव्या, गावची भजनं, शाळेची गाणी ठेवत आणि सगळ्या जगाला ऐकू देत. ठेवलेल्या गाण्याचंही गणित होतं.

"आई, तुझा धवला ठेवू. मग बाबा तुझाच आवाज ऐकतील."

"कंचा ठेवशील?"

"हर्षदाच्या लग्नातला. तो किती छान झाला होता. आवाजही स्वच्छ आलाय."

हर्षदा शेजारच्या पाटलांची. चार वर्षांपूर्वी तिच्या हळदीत तेजल अगदी सुगंधाच्या पायाशी बसली होती आणि फोन मांडीवर ठेवला होता. जनार्दनच्या आजाराच्या आधीची गोष्ट. तेजलने ध्वनिमुद्रण पाठवलं, फोनवर आलेल्या अटी वर सरकवल्या, आणि शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. सुगंधा शेजारी चहाचा कप घेऊन उभी होती. "गानं आपलं, दुसऱ्यांनी आयकलं तर झिजतंय काय?" असं ती म्हणाली. त्या वेळी ते कुणालाच चुकीचं वाटलं नसतं.

आठवड्याभरात गणित झाल्याचा दालनातून निरोप आला. सुगंधा ओटीवर बसली, पदर सारखा केला आणि तिने धवला सुरू केला.

जनार्दनने पहिली दोन सेकंदं तोंड वाकडं केलं. मग त्याचा चेहरा असा बदलला की सुगंधाचा सूर हलला. पण त्याला ते कळलं नाही. तो खांबाला टेकला. दोन वर्षं आवळून धरलेले खांदे खाली आले. तिच्या श्वासाच्या जागेवर त्यानेही श्वास घेतला.

"तूच हायस," तो म्हणाला. "आई शपथ, तूच हायस."

त्यानंतरचे काही महिने फार चांगले गेले. संध्याकाळी तो तळ्यावरून आला की म्हणायचा, "होऊन जाऊ दे." ती गायची. शेजारच्या बाया हसायच्या. "जनार्दन भाऊजींचं परत लगीन झालंय," असं म्हणायच्या.

पावसाळ्याच्या शेवटी सुगंधाला खोकला झाला. एका संध्याकाळी ती मध्येच अडली, उठली आणि पाणी प्यायला आत गेली. परत आली तर जनार्दन डोळे मिटून अजून मान हलवत होता. गाणं थांबल्यावरही पंधरा-वीस सेकंद यंत्र गाण्याला धरून ठेवतं, गर्दीत मध्येच आवाज दबला तर तुटू नये म्हणून. ती तांब्या हातात धरून दारात उभी राहिली. मग त्याने डोळे उघडले.

"का गो थांबलीस?"

"तहान लागली," ती म्हणाली.

तिने त्याला बाकीचं सांगितलं नाही. त्याला आनंद होत होता, आणि तो तिच्याच आवाजाने होत होता. यात तक्रार करण्यासारखं काय आहे ते तिला शब्दांत मांडता येईना.

दिवाळीनंतर तेजलचं लग्न ठरलं. मुलगा खाडीच्या पलीकडचा, सुजित म्हात्रे. धवला आईनेच गायचा हे कुणी ठरवलंसुद्धा नाही, ते धरलेलंच होतं. सुगंधाने तयारी सुरू केली. तेजल हे नाव धवल्यात बसवायला अवघड होतं. दोनच ठोक्यांचं नाव, आणि चाल तिथे लांब जाते. तिने 'ते' वर सूर धरून पाहिला, मग 'जल' वर. पंधरा दिवस ती रोज जनार्दनसमोर लेकीचं नाव गात होती. शेवटी नाव असं बसलं की गाताना तिलाच भरून आलं. तिने जनार्दनकडे पाहिलं.

तो हसत होता. "अगो, हर्षदाला आता पोर झालं. अजून तिचंच नाव घेतेस? आता आपल्या तेजलचं घे की."

सुगंधाने पदराने तोंड पुसलं.

डॉक्टर मुग्धांनी या वेळी प्लास्टिकचा कान उघडला नाही.

"ठसा नुसत्या चालीचा असतो. शब्दांचा नसतो. यंत्राच्या लेखी तुम्ही रोज एकच गाणं म्हणता."

"मग तेजलच्या नावाचा दुसरा ठेवू," तेजल म्हणाली. ती आज रजा घेऊन आली होती.

"मी विचारून पाहिलं. तीच चाल, तोच आवाज. कोठार दुसरी प्रत घेत नाही. आधीचं ते मूळ, नंतरचं ते अनुकरण."

"तिच्याच गाण्याचं तीच अनुकरण करते?"

"हो."

"मग हर्षदाचा काढून टाका."

"अटींमध्ये काढून घेण्याची सोय नाहीये, तेजल. ठेवलेलं गाणं कंपनीचं होऊन जातं." डॉक्टर म्हणाल्या, "मला माहितीय, हे कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं."

तेजल गप्प बसली नाही. अशी यंत्रं लावणाऱ्यांचा एक गट होता. ते स्वतःच्या माणसांच्या गाण्यांचं गणित घरच्या संगणकांवर, बऱ्याच जणांत वाटून घेऊन, करत आणि एकमेकांना पाठवत. कुणी आईची अंगाई, कुणी नमाजाची अजान. कोचीच्या एका बाईने तेजलला तिच्या नावाच्या धवल्याचं गणित करून दिलं. तेजलने ते बापाच्या यंत्रात घालायला घेतलं तेव्हा यंत्राने ते नाकारलं. नोंदणी नसलेला संगीतआराखडा, पुन्हा प्रयत्न केल्यास यंत्र बंद होईल, असं फोनवर आलं. बंद म्हणजे बोलणंही बंद. तेजलने फोन उलटा ठेवला आणि ती मोरीत जाऊन रडली.

मग त्यांनी कोठाराशी जुळवणीच बंद करून पाहिली. ती सोय होती. सुगंधा गायली. जनार्दन चेहरा शांत ठेवून बसला होता, पण त्याच्या पायाचे अंगठे जमिनीत रुतलेले तिला दिसले.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

"चांगलं."

"खरं सांगा."

"खिला," तो म्हणाला. "पन मोठा खिला नाय."

शेवटी त्यानेच तोडगा काढला. यंत्र आहे तसं राहू दे. तो तिच्या तोंडाकडे बघेल. ओठांवर तेजल आलं की हळद लावेल. कानात काय वाजायचं ते वाजू दे.

"मंग यंत्र काढूनच बसा ना," सुगंधा म्हणाली.

"लेकीला हलद बहिरा होऊन लावू? तिचं हसनं, बायांचं बोलनं, काय काय नको मना? आनि तुजा आवाज तरी हाय ना त्यात. नाव तेवढं मी मनात घालीन."

हळदीच्या सकाळी मांडवात उभं राहायला जागा नव्हती. तेजल पाटावर बसली. जनार्दन तिच्यासमोर, हातात हळदीची वाटी. सुगंधा बाजूला. तिच्यामागे जमनाआत्या, जनार्दनच्या वडिलांची धाकटी बहीण. शिरखारच्या सगळ्या रीती तिला माहीत होत्या आणि चुकलेल्या सगळ्या रीतीही पाठ होत्या. एकदा सुरू झालेला धवला मोडत नाहीत, ही त्यातली पहिली. घरात कुणी गेलं तरच मोडतो.

सुगंधाने सूर लावला. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं. जनार्दन तिच्या ओठांकडे बघत होता. त्याने बोटं हळदीत बुडवली. ती नावाच्या ओळीवर आली आणि तिने पंधरा दिवस बसवलेलं नाव गायलं. मांडवातल्या बायांनी सुस्कारा सोडला, इतकं ते नेमकं पडलं.

जनार्दनचा हात उचलला गेला नाही.

हळद त्याच्या बोटांवरून वाटीत ठिबकत होती. ओठांवर तेजल होतं ते त्याला दिसलं होतं. पण कानात, त्याच्या बायकोच्या खऱ्या आवाजात, दुसऱ्याच्या लेकीचं नाव आलं होतं. आयुष्यभर ज्या आवाजावर त्याने बापांचे हात हलताना पाहिले होते, त्या आवाजाने त्याच्या लेकीला बोलावलंच नव्हतं.

सुगंधाने ओळ फिरवून पुन्हा घेतली. असं करता येतं. तेजल, तिने गायलं. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याने मान किंचित हलवली. नाही.

"लाव ना रं," कुणीतरी मागून म्हणालं.

"बाबा," तेजल हळूच म्हणाली, "मीच आहे."

सुगंधा थांबली.

जमनाआत्याचा हात तिच्या पाठीला लागला. "गा गो, थांबू नको, गा." ती गायली नाही. जनार्दनच्या मानेची हालचाल तिला दिसत होती. त्याच्या आत धवला अजून चालू होता. ती वाट बघत उभी राहिली. एवढ्या माणसांत ती सेकंदं फार लांब झाली. मग त्याची मान स्थिर झाली. आत शांत झालं होतं.

"तेजल," ती म्हणाली.

गायली नाही, म्हणाली. संध्याकाळी अंगणातून हाक मारावी तसं. "जनार्दनाची लेक. तेजल."

जनार्दनने हात उचलला आणि लेकीच्या गालाला हळद लावली. एका गालाला, मग दुसऱ्या. हळद तिच्या कानापर्यंत गेली.

"मोडला," जमनाआत्या म्हणाली. ती ओरडली नाही, नुसतंच म्हणाली. "धवला मोडला."

सुगंधाने पुढच्या ओळीपासून पुन्हा सूर धरला. मामाचं गाव, आजाचं नाव, सगळं पुरं केलं. जनार्दनचे खांदे खाली आले. तो पुन्हा हर्षदाच्या मामाच्या गावात पोचला होता.

लग्न नीट पार पडलं. तेजल सुखात होती, दर दोन दिवसांनी फोन करायची. पण त्या मोसमात सुगंधाला धवल्याला कुणी बोलावलं नाही. कुणी टाकूनही बोललं नाही. वाटेत भेटलं की लोक चौकशी करत, लग्नाचा विषय मात्र काढत नसत. लेकीच्या हळदीत जिने धवला मोडला तिला आपल्या लेकीच्या हळदीत उभी करायला कुणाचं मन होत नव्हतं. सुगंधालाही ते समजत होतं. तिनेही बोलावलं नसतं.

माघात तेजल माहेरी आली तेव्हा तिने आईला फोनवर एक गोष्ट दाखवली. जनार्दन तळ्यावर होता. कोठाराने नवी सोय काढली होती. धवला निवडायचा, नवरीचं, बापाचं, गावाचं नाव भरायचं, आणि मांडवातल्या स्पीकरवर लावायचं. नावं त्या आवाजातच तयार होऊन चालीत बसत. बहिऱ्यांच्या यंत्रांना वाचता येईल अशी खूणही त्या गाण्यात घातलेली होती, म्हणजे त्यांनाही नावं बरोबर ऐकू येतील. खाली लिहिलं होतं, आवाज : शिरखारची धवलारीण.

सुगंधाने ते ऐकलं. कुणीतरी आधीच नाव भरून धवला तयार केला होता, नाव कुणा नंदिताचं होतं. जिथे सुगंधाला पंधरा दिवस लागले असते तिथे ते नाव अलगद बसलं होतं.

"आई, मी ठेवलं नसतं तर..." तेजल म्हणाली.

"चांगल्यासाठी ठेवलंस," सुगंधा म्हणाली. "बाबांना सांगू नको इतक्यात."

"का?"

"मी सांगीन."

ती सांगायची राहिली. कधी जेवताना आठवायचं, तेव्हा तो व्यापाऱ्याची गोष्ट सांगत असायचा.

नंदिता वरच्या आळीतल्या भोईरांची निघाली. तिच्या हळदीच्या दिवशी सुगंधा दुपारचा डबा घेऊन तळ्याकडे निघाली. वाट भोईरांच्या मांडवाच्या मागून जात होती, म्हणून ती खारजमिनीच्या बांधाने लांबून गेली. ती बांधावर पोचते तोच आळीतल्या स्पीकरवर धवला सुरू झाला. वारा तळ्याकडे होता.

जनार्दन पाण्याकडे तोंड करून बसला होता. शेजारच्या तळ्यावर नरेश ठाकूर जाळं धूत होता.

"ऐकतंस का रं नरेश?" जनार्दन म्हणाला. "आमची सुगंधा."

नरेशने वर पाहिलं. त्याला जनार्दनच्या पाठीमागे, हाकेच्याही आत, सुगंधा उभी दिसली.

"बोलावलं तिला परत," जनार्दन म्हणाला. "मना बोलली नाय सकाली. मुद्दाम बोलली नाय." गणपती झाला, गावदेवी झाली. त्याने एक बोट वर केलं. "थांब, आता नाव येल."

नाव आलं. नंदिता. लांब, सावकाश, पाण्यावरून.

"ऐकलंस?" त्याचा आवाज फुटला. "हर्षदा नाय. नंदिता बोलली ती. जे गायली ते आयकलं मी. लेकीच्या टायमाला झालं नाय, पन आता येतंय, नरेश. आता ती आयकू येतेय मना."

नरेशने सुगंधाकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको म्हणून. तो खाली बघून जाळं धुवायला लागला.

जनार्दन हर्षदाच्या लग्नातल्या तिच्या श्वासांवर श्वास घेत होता. सुगंधाने डबा बांधावर ठेवला, आवाज होणार नाही असा. मग ती त्याच्या पाठीमागे खाली बसली, तोंडाला पदर लावला, आणि धवला संपायची वाट बघत राहिली.